एक सदरी, दहा प्रसंग

रमजान ईदच्या आधीचे दहा दिवस आम्हा कापड दुकानदारांना मान वर करायला सवड नसते. अशाच एका रात्री, तरावीहच्या नमाजनंतर, धुळ्याचा एक यंत्रमाग कामगार आपल्या थोरल्या मुलाला घेऊन आमच्या जळगावच्या दुकानात आला. माझी सासुरवाडी धुळ्याची, त्यामुळे तिकडची ओळखीची मंडळी लग्नकार्याच्या खरेदीला आवर्जून इकडे येतात. ईदनंतर पंधरा दिवसांनी मुलाचा निकाह होता. बसल्याबरोबर बापाने विचारले, "चाचा, शेरवानी दाखवा. ईदला कुर्ता-पायजमा आणि वलीम्याला सूटही घ्यायचा आहे. निम्मे रोख देतो, निम्म्याची उधारी चालेल ना?"

मी चहा मागविला. मुलाला विचारले, "बेटा, ही शेरवानी निकाहनंतर पुन्हा कधी घालणार?" मुलगा हसला, काही बोलला नाही. उत्तर बापाने दिले, "पुन्हा कशाला घालतो चाचा? पेटीत पडेल. पण सगळेच घेतात."

"सगळेच घेतात" या दोन शब्दांवर आमच्या धंद्याचा मोठा भाग चालतो, हे मी व्यापारी असून कबूल करतो. त्या रात्री मात्र मी शेरवानीचा बॉक्स खाली काढला नाही. मी एक सदरी काढली. त्या सदरीविषयीच आज लिहितो आहे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, मराठी मला बाजाराने शिकविली. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाले तर वाचक बंधूंनी सांभाळून घ्यावे.

सदरी, जाकीट, बंडी

आपण सदरी म्हणतो, मराठी गिऱ्हाईक जाकीट म्हणते, जुनी माणसे बंडीही म्हणतात. शब्द अरबी 'सद्र' वरून आला. सद्र म्हणजे छाती. छाती झाकते ती सदरी. बाह्या नाहीत, गळ्याला उभी पट्टी, समोर पाच-सहा बटणे आणि लांबी कमरेच्या थोडी खाली. एवढाच हा कपडा आहे. पण कुर्त्यावर घाला, शर्टावर घाला, पठाणीवर घाला, कुठेही तो परका वाटत नाही. अंगावरचे बाकी कपडे तेच ठेवून फक्त सदरी चढविली की माणूस घरातून बाहेर निघाल्यासारखा दिसतो.

असा आखूड, अर्ध्या अंगाचा कपडा आपल्या मुलखाला नवा नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नीमतना नावाच्या कपड्याचा उल्लेख आहे. नीमतना म्हणजे अर्धे अंग झाकणारा. अकबर बादशहाने बऱ्याच कपड्यांना नवी नावे दिली, त्यांत नीमतनाला 'तनजेब', म्हणजे अंगाची शोभा, असे नाव दिले. त्याच ग्रंथात खानदेशच्या वर्णनात धरणगावच्या बारीक कापडाची नोंद आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी आपल्या जळगाव जिल्ह्यातील एका गावाचे कापड दिल्ली-आग्ऱ्याच्या दरबाराला माहीत होते. शेजारचे बुऱ्हाणपूर तर फारुकी सुलतानांची राजधानी. मोगलांच्या काळात तेथील कापड इराण व तुर्कस्तानापर्यंत जात असे. कापडाची पारख आपल्या रक्तात आहे, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले.

पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत खादीच्या कुर्त्यावर ही सदरी देशभर दिसू लागली. पंडित नेहरूंच्या अंगावर ती इतकी शोभली की तिला नेहरू जाकीट हे नाव पडले. याच नेहरूंच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. १९६० नंतरच्या दशकात उभ्या पट्टीच्या गळ्याचे कोट विलायतेत आणि अमेरिकेतही नेहरूंच्या नावाने काही वर्षे विकले गेले. अलीकडे, २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात, दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाठविलेली जाकिटे घालून फोटो प्रसिद्ध केले, आणि जाकीट नेहरूंचे की मोदींचे, यावर देशात वाद रंगला. दुकानात लोक मला विचारीत, "चाचा, तुमचे मत काय?" मी म्हणे, "नाव तुम्ही ठरवा. काज दोघांनाही सहाच लागतात."

चांगल्या कपड्याची निशाणी हीच आहे. राजकारणी घालतो, मौलाना घालतात, कॉलेजचा प्राध्यापक घालतो, आणि केळीचा बागायतदारही रावेर-यावलहून येऊन विचारतो, "भाऊ, हाई जाकीट कितलाले शे?"

कापड कोणते घ्यावे

पहिली आणि एकच सदरी घ्यायची असेल तर रंग ठरविताना सावध असावे. तरुण मुले प्रथम काळ्या मखमलीवर किंवा चमकत्या मरून कापडावर हात ठेवतात. असे कापड लग्नाच्या मांडवात दिव्यांखाली छान दिसते, पण सकाळी दहा वाजता बँकेत शोभत नाही. पहिली सदरी राखाडी, गडद निळी किंवा कॉफी रंगाची असावी. हे रंग पांढऱ्या कुर्त्यावरही जातात आणि आकाशी शर्टावरही. डिझाईन असावे ते हात लावल्यावर कळेल असे, वीस पावलांवरून दिसेल असे नव्हे.

आपला मुलूख गरम. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. याउलट डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला तो बहुतेक वर्षी दहाच्या खाली उतरतो. एकाच सदरीने दोन्ही काढायचे तर मधल्या वजनाचे कापड घ्यावे. आमच्याकडे भिलवाड्याचे टेरीव्हिस्कोस सुटिंग येते. ते टिकाऊ आहे, चुरगळत नाही, रोजच्या वापराला उत्तम. खादी अंगाला सर्वांत सुखाची, पण इस्त्री मागते. लिनन दिसते छान, पण बसून उठले की सुरकुत्या. लोकरी कापड फक्त हिवाळ्याचे, दुसरी सदरी घेण्याची ऐपत असेल तेव्हा घ्यावे.

आता रेशमाविषयी. गिऱ्हाईक 'रॉ सिल्क'ची सदरी मागते. बाजारात या नावाने जे स्वस्तात मिळते ते बहुधा सुरतकडचे पॉलिस्टर असते. आपल्या शरीअतीत पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य आहे, म्हणून कापड काय आहे हे खरे सांगणे ही आपली दुहेरी जबाबदारी. पॉलिस्टरला रेशीम म्हणून विकले तर धंद्यात खोटेपणा, आणि अस्सल रेशीम न सांगता दिले तर गिऱ्हाइकाच्या दिनाशी खेळ. पारख सोपी आहे. कडेचा एक धागा काढून जाळावा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. अस्सल रेशमावर सिल्क मार्क असतो. ही योजना सेंट्रल सिल्क बोर्डाने २००४ मध्ये सुरू केली. आपल्या पूर्वजांनी तर यातून सुंदर मार्ग काढला होता. वर रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूने सूत, असे कापड विणले आणि त्याला 'मशरू', म्हणजे शरीअतीला चालणारे, हेच नाव दिले. शेजारच्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरूही सूत आणि रेशमाच्या मेळातून झालेला. त्याच्या शेरवान्या आणि जाकिटे एके काळी मोठ्या घरांतून मानाने घातली जात.

शिलाईत काय पाहावे

मोठ्या पन्ह्याच्या, म्हणजे ५८ इंची कापडात साधारण सव्वा मीटरमध्ये मध्यम अंगाच्या माणसाची सदरी बसते. ३६ इंची पन्हा असेल तर पावणेदोन ते दोन मीटर धरावे. अस्तर वेगळे. खादी किंवा सुती कापड असेल तर कापण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. अस्तरही भिजवावे. अस्तर आटले आणि कापड आटले नाही, तर पहिल्याच धुण्यात सदरीची कड आत वळते. असा दोष नंतर कोणालाही काढता येत नाही.

अस्तर सुती किंवा चांगल्या व्हिस्कोसचे असावे. चमकदार पॉलिस्टर सॅटिनचे अस्तर हाताला गुळगुळीत लागते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यात माणूस उकडून निघतो.

छातीला मापापेक्षा तीन-चार इंच सैल ठेवावे, म्हणजे हिवाळ्यात आत पातळ स्वेटर जातो. मुंढा फार खोल कापू नये. खोल मुंढ्यातून कुर्त्याचा चोळामोळा बाहेर दिसतो. गळपट्टी सव्वा ते दीड इंच पुरे. ती फार उंच असेल तर जेवताना हनुवटीला लागते. लांबी अशी असावी की पँटचा पट्टा झाकला जाईल आणि कुर्त्याच्या घेराला अडथळा होणार नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच दाब सोडावा. निकाहच्या वेळी जो मुलगा सडसडीत असतो तो पाच वर्षांनी तसाच राहील याची हमी कोणी देत नाही. दाब असला की सदरी उसवून मोठी करता येते.

आणि एक युक्ती, जी मला आमच्या जुन्या मास्टरांनी शिकविली. सदरीला बटणे कायमची टाकू नयेत. दोन्ही पट्ट्यांना काज करावे आणि कडीची बटणे लावावीत, जशी शेरवानीला लावतात. मग बटणांचे दोन सेट ठेवले की झाले. रोजसाठी साधी काळी किंवा लाकडी बटणे, लग्नकार्यासाठी चांदीच्या रंगाची कोरीव. दोन मिनिटांत तीच सदरी दुसरी दिसते.

प्रसंगाप्रमाणे घालणे

आता मूळ मुद्दा. कपडा विकणे सोपे आहे. तो कसा घालावा हे सांगितले तर गिऱ्हाईक परत येते.

दुकान, पेढी, कामाची जागा. फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, साधी पँट, वर सदरी. वरचे एक बटण उघडे राहू द्यावे. आतल्या खिशात पैसे सुरक्षित राहतात, बाहेरच्या खिशात पेन. खिसे कोंबू नयेत. मोबाईल, किल्ल्या आणि तंबाखूची डबी एका खिशात घातली की सदरी एका बाजूला लोंबते आणि शिवण फाटते.

जुमा आणि ईद. पांढरा कुर्ता-पायजमा, टोपी, वर सदरी, सर्व बटणे बंद. ईदगाहला सकाळी थंडावा असतो, परतताना ऊन असते. अशा वेळी सदरी काढून हातावर घेता येते, सूटचा कोट हातावर घेऊन फिरणे अवघड. एक सूचना. अत्तर थेट सदरीवर लावू नये. तेलाचा डाग पडतो आणि तो निघत नाही. मनगटावर, मानेला लावावे.

निकाह. आता नवरदेवाकडे येऊ. मलईरंगी कुर्ता आणि चुडीदार, त्यावर हीच गडद सदरी, कोरीव बटणांचा सेट, खांद्यावर घडी घातलेला दुशाला आणि डोक्यावर साफा. मी खात्रीने सांगतो, फोटोत ही शोभा कोणत्याही भाड्याच्या शेरवानीपेक्षा कमी दिसत नाही. भाड्याची शेरवानी दुसऱ्याच्या मापाची असते. खांदा उतरलेला, बाही लांब. सदरी स्वतःच्या मापाची असते आणि मापाचा कपडाच माणसाला शोभतो.

वलीमा. दुशाला आणि साफा घरी. पांढरा शर्ट, काळी पँट, चांगले बूट, तीच सदरी. आदल्या दिवशी जिने नवरदेव सजविला तिनेच आज यजमान सजविला, हे पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

कचेरी, कोर्ट, बँक, मुलाची शाळा. येथे बटणे साधी, कपडे इस्त्रीचे, रंग शांत. आमचा कारागीर माणूस कर्ज मागायला बँकेत जातो तेव्हा मागावरून उठून तसाच जातो. नंतर म्हणतो, साहेबाने बसायलाही सांगितले नाही. माणसाची किंमत कपड्यावरून करणे चूक आहे, हे शंभर टक्के खरे. पण जोपर्यंत दुनिया तशी वागते तोपर्यंत एक स्वच्छ सदरी खुंटीला टांगलेली असू द्यावी.

मय्यत आणि विचारपूस. दुःखाच्या घरी जाताना गडद सदरी साध्या बटणांनिशी घालावी. खिशात रंगीत रुमाल नको, अत्तर बेताने. शेजारच्या हिंदू बांधवाच्या दारावर जातानाही हाच पोशाख योग्य. आपण तयार होऊन आलो असेही वाटत नाही आणि घरच्या कपड्यांत आलो असेही वाटत नाही.

सभा, सत्कार, शाळेचे संमेलन. हार घालणार असतील तर फिकी सदरी टाळावी. झेंडूचा पिवळा डाग लिननवर बसला की जात नाही.

प्रवास आणि हिवाळा. रात्रीच्या एस. टी. ने धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या व्यापाऱ्याला आतला खिसा आणि छातीची ऊब, दोन्ही सदरी देते.

साखरपुडा आणि बोलणी. मुलीकडे बोलणी करायला जाताना भपका नको. पठाणीवर साधी सदरी. समोरच्या घरावर दडपण येऊ नये, हीही एक शराफत आहे.

आणि शेवटी दहावा प्रसंग. सदरी विटली, कोपरे घासले, म्हणजे तिचे दिवस संपले असे नाही. अस्तर बदलावे, कापड आतून सरळ असेल तर उसवून धाकट्या मुलाच्या मापाची कापावी. माझ्या वालिद साहेबांच्या सदरीत मी दहावीच्या परीक्षेला बसलो होतो.

घरच्या महिलांसाठीही हीच कल्पना कोटीच्या रूपाने आहे. साध्या कुर्त्यावर बिनबाह्यांची भरतकामाची कोटी घातली की कार्याचा पोशाख तयार होतो. कोटीचे काम घरबसल्या होते. त्यामुळे शिलाई जाणणाऱ्या भगिनींना लग्नसराईत चार पैसे मिळतात.

माझी चूक

इतके उपदेश केल्यावर स्वतःची चूक सांगितली नाही तर ते योग्य होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील एका घाऊक व्यापाऱ्याने मला तयार सदऱ्यांचा लॉट दाखविला. दिसायला अप्रतिम. किंमत इतकी कमी की तेवढ्यात आमच्या मास्टरांची शिलाईसुद्धा निघत नव्हती. मी ईदसाठी दीडशे नग उचलले. मास्टरांना सांगितले, यंदा सदरीचे काम नाही. ते काही बोलले नाहीत. "बरे सेठ," म्हणून टेप गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि गेले.

सदऱ्या ईदपर्यंत भराभर गेल्या. ईदनंतर महिन्याभरात त्या परत येऊ लागल्या. छातीवर फोड आल्यासारखे फुगे. कारण नंतर कळले. चांगल्या सदरीत छातीच्या आत कॅनव्हास टाक्यांनी बसवितात. त्या सदऱ्यांत हलके पेस्टिंग केलेले होते, म्हणजे डिंक लावलेले आतले कापड गरम इस्त्रीने नुसते चिकटविले होते. पाणी लागताच डिंक सुटला. पेस्टिंग सरसकट वाईट नाही. चांगल्या प्रतीचे, योग्य उष्णतेवर दाबलेले पेस्टिंग वर्षानुवर्षे टिकते. पण ते ओळखण्याची मी तसदी घेतली नव्हती. भाव पाहिला आणि डोळे मिटले. ओळखण्याची साधी रीत अशी. छातीजवळचे कापड आतून-बाहेरून चिमटीत धरून वेगवेगळे सरकवावे. मधे तिसरा पदर मोकळा हलताना लागला तर कॅनव्हास आहे. सगळे पुठ्ठ्यासारखे एकजीव लागले तर पेस्टिंग आहे, आणि मग एक नग धुऊन पाहिल्याशिवाय लॉट घेऊ नये.

जे परत आले त्यांचे पैसे मी दिले. त्या ईदचा नफा गेला, त्याचे दुःख नाही. दुःख वेगळे आहे. मी मास्टरांकडे गेलो तेव्हा ते घरी नव्हते. त्यांच्या बेगमने सांगितले, एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन म्हणून लागले आहेत. मशीन कोपऱ्यात चादरीखाली झाकलेले होते. तीस वर्षे ज्या हाताने गळपट्टी अशी बसविली की मोजपट्टी लावून पाहावी, त्या हातात मी काठी दिली होती. कोणा कंपनीने नव्हे, मी.

ते परत आले, पण लगेच नाही. पगार दर महिन्याला मिळतो, शिलाई मिळेलच असे नाही, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी असे ठरले की सीझन असो वा नसो, महिन्याला ठरावीक नग शिलाई मी देईन. ऑर्डर नसेल तर दुकानाच्या मापावर, बाजारात नेहमी चालणाऱ्या तीन साइजमध्ये. तो शब्द मी आजपर्यंत पाळला आहे. त्यांनी स्वतःच्या शेजारी दोन मुलांना बसविले आहे. एक मुलगा काज उत्तम करतो.

दुकानदाराचा हिशेब

व्यापारी बंधू म्हणतील, हे सगळे ठीक आहे, पण तीन कपडे घेणाऱ्याला एक कपडा विकून धंदा कसा चालेल? प्रश्न रास्त आहे. हिशेब मांडू.

समजा शेरवानी आठ हजारांना गेली. ती एकदा घातली गेली, म्हणजे एका वेळेचे आठ हजार. समजा चांगल्या शिलाईची सदरी कापडासह चोवीसशेला पडली. वर्षातून पंधरा वेळा, चार वर्षे घातली, म्हणजे साठ वेळा. एका वेळेचे चाळीस रुपये. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर करून दाखवा. तो तुमच्यावर आयुष्यभर विश्वास ठेवील. उधारीवर शेरवानी नेणारा मात्र पुढचे सहा महिने तुमच्या दुकानासमोरून मान खाली घालून जातो, आणि त्याच्या भावाच्या लग्नाचे कापड दुसऱ्या दुकानातून येते. उधारीत माल जातो तो जातोच, माणूसही जातो.

दुसरी गोष्ट कराची. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला तेव्हा एक हजारापर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा दर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्याहून महागावर १८ टक्के झाला आहे. याचा अर्थ नीट समजून घ्या. २५०० ची तयार सदरी करासह २६२५ ला पडते. २६०० ची तयार सदरी ३०६८ ला पडते. तुम्ही भाव शंभराने वाढविला आणि गिऱ्हाइकाचे बिल ४४३ रुपयांनी वाढले. म्हणून तयार सदरीचा भाव अडीच हजारांच्या आत बसेल असे कापड निवडावे, आणि कुर्ता-पायजमा-सदरीचा सेट विकताना बिल कसे करावे हे आपल्या हिशेबनिसाला विचारून ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. खानदेशात एके काळी जळगावची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांच्या भोंग्यावर गावाचा दिवस चाले. जळगावच्या मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. सदरीचे कापड भिलवाडा आणि सुरतहून येते, ते आपण लगेच बदलू शकत नाही. पण शिलाई? ती जळगाव-धुळ्याच्या गल्लीत होऊ शकते. शर्ट-पँटमध्ये तयार मालाने आमच्या दर्ज्यांना हरविले आहे, हे मान्य करावे लागेल. सदरीत अजून हरविलेले नाही, कारण सदरी खांद्याला आणि गळ्याला बसली नाही तर नजरेत खुपते, आणि ते बसविणे मापानेच होते. हा एक कपडा आमच्या कारागिरांच्या हाती उरला आहे. तोही आपण दहा-वीस रुपयांच्या फरकासाठी घालवायचा का, हे प्रत्येक दुकानदाराने स्वतःला विचारावे.

सदरी टिकविण्याविषयी गिऱ्हाइकाला दोन शब्द अवश्य सांगावेत. घाम आला असेल तर लगेच कपाटात कोंबू नये. उलटी करून वाऱ्यावर टांगावी. दर वेळी धुऊ नये, मऊ ब्रशने झाडावी. खादी आणि लोकरीच्या सदरीच्या घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. इस्त्री अस्तराच्या बाजूने किंवा वर ओले फडके ठेवून करावी, नाहीतर कापडावर चकाकी येते. टांगायला रुंद खांद्याचा हँगर घ्यावा, तारेचा नको.

राहिली त्या धुळ्याच्या बापलेकांची गोष्ट. त्या रात्री त्यांनी राखाडी सदरी, दोन कुर्ते, एक शर्ट-पँट आणि बटणांचे दोन सेट घेतले. जे निम्मे रोख आणले होते त्यात सगळे बसले, वर थोडे उरले. बापाने ते मोजून वरच्या खिशात ठेवले आणि म्हणाला, "चाचा, लोक म्हणतील शेरवानी का नाही?" मी म्हटले, "लोकांना सांगा, दुकानदार दिलाच नाही."

पुढच्या वर्षी सासुरवाडीत एका मय्यतीला गेलो असता तो मुलगा भेटला. अंगावर तीच सदरी होती, साधी काळी बटणे. त्याने सलाम केला आणि हळूच म्हणाला, "चाचा, अब्बांनी मागच्या महिन्यात बँकेत जातानाही हीच घातली होती. त्यांना थोडी आखूड होते, पण चालते."

मी त्याला म्हटले, "अब्बांना घेऊन ये. मास्टरांनी त्यात एक इंच दाब सोडला आहे."